अडलेला क

दोरवाला कधी कुणाला प्रश्न विचारत नसे. एवढ्या एका गुणावर सगळ्या वस्तीत त्याची शहाणा म्हणून ख्याती झाली होती. भांडण लागलं की माणसं त्याच्या ओट्यावर येऊन बसत. दोन्ही बाजू तावातावानं बोलत, हा मांडीवर दोरासाठी वाखाचे तंतू वळत मान हलवत राही, आणि बोलून बोलून घसे बसले की मंडळी 'न्याय झाला' म्हणत उठून जात. एकदा डोकी फोडायला निघालेले दोन भाऊ त्याच्याकडे आले, आणि जाताना एका छत्रीतून गेले. तेही ऊन नाही, पाऊस नाही असं असताना.

खरी गोष्ट निराळी होती. त्याला शब्दाच्या तोंडचा 'क' म्हणता येत नव्हता. आणि आपल्या भाषेतला एकूण एक प्रश्न, काय, का, कोण, कुठं, कधी, कसं, किती, त्या एकाच अक्षराच्या दारातून बाहेर पडतो. ते दार त्याच्या घशात होतं आणि त्याला आतून कडी होती. शेजारी 'स'चं दार, तेही तसलंच. लहानपणी त्यानं ढकलून बघितलं. लोक हसले. मग त्यानं ती वाटच सोडली. तीस वर्षं तो बाकीच्या अक्षरांवर संसार करत होता. सकाळला तो 'उजाडल्यावर' म्हणे, कोंबडीला 'पाखरू', सासूला 'हिची आई'. शब्द अडायच्या आधीच जिभेला असं वळण देई की सात वर्षं एका ताटात जेवणाऱ्या बायकोलाही पत्ता नव्हता. तिला वाटे, नवरा अबोल आहे.

लग्नाच्या पहिल्या वर्षी तिच्या पायाशी साप निघाला, तेव्हा हा लांबून ओरडला होता, "दोरी! दोरी!" भल्याभल्यांना दोरीचा साप दिसतो, ह्यानं सापाची दोरी केली. ती उचलायला वाकली. सापाच्या उभ्या जन्मात त्याच्यापुढं कुणी इतक्या अदबीनं वाकलं नव्हतं. तो ओशाळून निघून गेला. बायको ती गोष्ट अजून हसत हसत सांगायची. तो हसत नसे. त्या दिवशी ही मेली असती हे त्याला ठाऊक होतं, आणि उद्या पुन्हा साप निघाला तर आपण पुन्हा दोरीच म्हणू, हेही.

त्याची मुलगी चार वर्षांची. दुसऱ्या वर्षी जी बोलायला लागली ती झोपेतही थांबेना, म्हणून आजीनं, दोरवाल्याच्या आईनं, तिचं नाव टकळी पाडलं. घराबाहेर दोर वळायची लांबच लांब पट्टी होती. एका टोकाला आजी चाक फिरवी, आई वाख पुरवी, आणि बाप दोर ताणत उलट्या पावलांनी मागं मागं जाई. आई त्याची पावलं मोठ्यानं मोजायची. "अडुसष्ट, एकोणसत्तर, सत्तर!" सत्तर झाले की पट्टी संपायची आणि चाक थांबायचं. त्यामुळं टकळीच्या लेखी सत्तर म्हणजे पुरे. पोट भरलं की "सत्तर!", अंघोळ नकोशी झाली की "सत्तर!" हळूहळू सगळं घरच तसं म्हणू लागलं. बाप मात्र नुसता हात वर करी.

त्या उन्हाळ्यात विहिरींचं पाणी इतकं खाली गेलं की माणसं आत दगड टाकून जेवायला जात आणि आचवून आल्यावर डुबुक ऐकत. जो तो लांब दोर मागू लागला. दोरवाल्याच्या घरी उजाडल्यापासून मोगरी सुरू. कुजवलेली घायपाताची पानं कुटायची, दगडावर खरवडायची, निघालेला वाख धुऊन वाळवायचा, विंचरायचा, मग चाकाला लावायचा. त्या पानांचा चीक लागला की कातडी पेटते. बायकोचे हात कोपरापर्यंत लाल झाले होते; घास ती बोटांच्या टोकांनी उचलायची. चाक फिरवून आजीचा उजवा खांदा डाव्यापेक्षा दोन बोटं खाली उतरला होता. आणि टकळीचे प्रश्न ह्याच दिवसांत वाढत चाललेले. मोठ्यांची उत्तरं कामातून मान वर न करताच येत.

"पटकन बोल."

"नंतर."

"एकदाच काय ते सांग आणि पळ."

एक दिवस बाप चाळिसाव्या पावलावर असताना ती त्याच्याबरोबर उलटी चालत म्हणाली, "बाबा, क-क-क-का आपण मागं मागं जातो?"

त्याच्या हातातला पीळ सुटला. चाळीस पावलांचा दोर जमिनीवर वळवळला आणि त्याचा गुंता झाला.

"काय झालं हो?" बायको ओरडली.

"हात घामेजला."

पोरीनं पुन्हा विचारलं. ह्या वेळी डोळे मिटून, हनुवटी पुढं काढून. "क्, क्, क्—" मानेवरची शीर फुगली. ती शीर दोरवाल्याच्या ओळखीची होती.

"कुणाची नक्कल करतेस गं?" आजी चाकावरून म्हणाली. "जीभ तशीच राहील हं."

पट्टीच्या पलीकडे वीटवाला राहायचा. दोरवाल्याचा चुलतभाऊ, पण भावकी नावापुरती. त्याच्या पोरांनी दोन दिवसांत कुंपणावर बसून ताल धरला, "का का का, कावळी आली!" टकळीची कावळी झाली. वीटवाला स्वतः चिखलाचे हात कमरेवर ठेवून विचारी, "क-क-काय कावळे, क-क-कशी आहेस?" टकळीला वाटे, काका खरंच विचारतोय. ती उत्तर द्यायला तोंड उघडी, आणि कुंपण हसून हसून वाकायचं.

आजीनं उपाय काढले. आधी जिभेखाली मिठाचा खडा. मग चघळायला कडू पाला. मग दाराआडून एकदम 'भॉ' करून दचकवणं, म्हणजे अडकलेला शब्द घाबरून बाहेर पडेल. शब्द पडला नाही. पोरगी चार रात्री अंथरूण ओलं करत राहिली. मग चिमटे. अडली की एक. आठवड्यात तिच्या दंडावर कातडीपेक्षा निळंच जास्त दिसू लागलं. दोरवाल्याला ह्या प्रत्येक उपायाची चव माहीत होती. तो मिठाचा खडा त्याच्याही जिभेखाली विरघळला होता. पोरीनं बापाकडे बघितलं की तो उठून वाख विंचरायला जाई.

बायकोच्यानं मात्र बघवेना. महिन्यातून एकदा लहान मुलांना टोचायला सुईवाली बाई सायकलवरून यायची. तिच्या धाकानं एक पोर झाडावर चढून बसलं होतं, ते म्हणे पिकल्यावरच खाली पडलं. बायकोनं तिला वाटेत गाठून घरी आणलं.

सुईवाली जमिनीवर उकिडवी बसली. "तुझ्या बाहुलीचं नाव काय गं?"

"क-क-क्—"

"श्वास घे! नीट बोल!" आजी म्हणाली.

सुईवालीनं आजीकडे न बघता हात वर केला आणि नुसती थांबली. तिनं शब्द सुचवला नाही, घड्याळ बघितलं नाही. पोरीच्या चेहऱ्याकडे बघत राहिली, जणू शेतात जायचं नाही, गावात जायचं नाही, जन्मभर इथंच बसायचंय.

"क-क-कापूस!"

"कापूस! मऊ आहे का मग?"

टकळी हसली. त्या महिन्यात पहिल्यांदा.

"नक्कल नाही ही, खोडही नाही," सुईवाली आजीला म्हणाली. "ह्या वयात पुष्कळ पोरांना होतं. बऱ्याच जणांचं आपोआप ओसरतं. शब्द तिच्या तोंडातून ओढू नका, तिच्यासाठी पुरा करू नका. तुम्हीच जरा सावकाश बोला. ती काय सांगते ते ऐका, कसं सांगते ते मोजू नका. आणि हे दंड... आजी, हे आजपासून बंद."

"तू मला शिकवतेस? अगं, मी एकाला चांगला बरा—"

"आई," दोरवाला दारातून म्हणाला, "पाणी दे बाईंना."

आजीनं पाण्याचा तांब्या आणून ठेवला. सुईवालीनं त्याच्याकडे मान वळवली. "तुम्हालाच विचारायचं होतं. घराण्यात आधी कुणाचं असं अडत होतं का? असलं तर मग नुसती वाट बघून चालत नाही. शहरात एक बाई आहेत, पोरांशी खेळता खेळता बोलणं सोपं करून देतात. लवकर नेलं तर फार बरं. कुणी आहे का?"

बायको आशेनं बघत होती. आजी पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत होती.

"नाही," दोरवाला म्हणाला. 'न' त्याला नेहमीच सोपा जायचा.

"मग बघू वाट," सुईवाली म्हणाली आणि सायकलवर बसली.

पुढच्या आठवड्यात मोजणीदार आला. पट्टीच्या शेवटची वीस पावलं आपली आहेत, विटा वाळवायला हवीत, असा वीटवाल्यानं अर्ज ठोकला होता. मोजणीदार म्हातारा, नियमाचा पक्का. तो म्हणाला, "जुना नकाशा वाळवीनं खाल्ला. तेव्हा धंद्याला किती पावलं लागतात ते वहिवाटदारानं चारचौघांत आपल्या तोंडानं सांगायचं. तो सांगेल तिथं खुंटी. बोला, किती?"

वस्तीतली तीसेक माणसं जमली होती. दोरवाल्यानं आठ दिवस तयारी केली होती.

"ऐंशीला दहा उणे," तो म्हणाला.

"ही काय बाजारातली घासाघीस आहे? एक आकडा बोला. सरळ."

दोरवाल्यानं तोंड उघडलं. 'स' दाराशी आला आणि कडी बसली. घाम मानेवरून पाठीत उतरला. समोर वीटवाला त्याच्या गळ्याकडेच बघत होता, मांजर भिंतीतल्या बिळाकडे बघतं तसा.

आईच्या कडेवरून टकळी ओरडली, "स-स-स-स-सत्तर!"

तिला उत्तर येत होतं. रोज येत होतं. ती सगळ्यांकडे बघून हसली.

"स-स-स-सापडला का गं आकडा?" वीटवाला म्हणाला, आणि तीस माणसं हसली. बायका पदर तोंडाला लावून, पुरुष उघड्या तोंडानं. मोजणीदारही हसला. टकळीचं हसू जाग्यावर विरलं. तिनं बापाकडे बघितलं.

"बाबा, सांग ना."

बापाला पोरगी दिसली नाही. त्याला ती उघडी तोंडं दिसली, एकेका तोंडातले दात दिसले.

"पन्नास," तो म्हणाला. स्वच्छ, ठणठणीत.

"अहो!" बायको पुढं आली. "साहेब, सत्तर आहेत! मी रोज मोजते. ह्या तोंडानं मोजते!"

"घरधनी पन्नास म्हणतो."

"चुकून म्हणाले असतील!"

मोजणीदारानं दोरवाल्याकडे बघितलं. दोरवाल्यानं जमिनीकडे. "हा माणूस उगाच तोंड उघडत नाही, अशी ख्याती आहे," मोजणीदार म्हणाला. "म्हणजे बोलला ते खरंच असणार. मारा खुंटी."

पन्नास पावलांत वळलेला दोर पिळात आटून पस्तीस पावलांचा उरतो. विहिरी त्याहून खोल गेलेल्या. मग जोड द्यायची वेळ आली. बायकोनं चिरलेल्या बोटांनी दोराची टोकं उसवून एकमेकांत गुंफली, आजीनं त्यांवर मोगरी मारली. पण ओल्या जोडाचा भरवसा कुणी धरेना. एक गिऱ्हाईक दोर परत घेऊन आलं आणि अंगणात टाकून म्हणालं, "जोड सुटून बादली गेली विहिरीत. ह्यानं आता शेळी बांध, तीही म्हातारी बघून." गेलेल्या वीस पावलांत ओल्या विटांच्या रांगा लागल्या होत्या. दोरवाला उलटा चालत खुंटीपाशी आला की त्याची टाच तिला लागायची. दिवसातून शंभर वेळा.

"का म्हणालात पन्नास?" बायको विचारायची. कुटताना, घासताना, अंथरूण घालताना. "मला एवढं एक सांगा. का?"

तो वाख विंचरायचा.

एका दुपारी बायको आणि आजी तळ्यावर पानं धुवायला गेल्या होत्या. अंगणात दोऱ्यांवर वाख वाळत घातला होता, पांढऱ्या जटांच्या रांगाच्या रांगा. त्यांच्या आड दोरवाला एकटा उभा होता. तीस वर्षांत न उघडलेलं दार त्यानं ढकलून बघितलं.

"स... स-स-स... स्—"

हनुवटी पुढं आली. डोळे मिटले. "स-स-स-सत्त—"

डोळे उघडले तेव्हा वाखाच्या जटा बाजूला सारून टकळी उभी होती. तिच्या तोंडावर असा उजेड पसरला होता, जणू हरवलेली बहीण सापडली. त्यात चिडवणं नव्हतं. चिडवणं कसं असतं हे तिला आता चांगलं कळत होतं. हे ते नव्हतं.

"बाबा! तुझं प-पण अडतं?" ती बेंबीच्या देठापासून हसली, टाळ्या पिटल्या. "माझ्यासारखं! बाबाचं माझ्यासारखं! मी आ-आईला सांगते. आई! आई, बा-बाबाचं क-क—"

त्यानं मारलं. दोर ओढून ओढून त्याचा तळवा फळीसारखा झाला होता. ती वाखाच्या ढिगात बसली. ओठ दातावर फाटला होता आणि पांढऱ्या वाखावर थेंब पडत होते. ती रडली नाही. नुसती बघत राहिली.

तो तिच्यापुढं वाकला. "हे तोंडाबाहेर गेलं तर जीभ उपटीन. आईला नाही, आजीला नाही, बाईंना नाही. ध्यानात ठेव." तिनं मान हलवली. मग त्याचा आवाज खाली आला, जवळजवळ मायेचा झाला. "शब्द अडणार वाटलं तर तो घ्यायचा नाही. दुसरा घ्यायचा. दुसरा मिळाला नाही तर गप्प बसायचं. हळूहळू जमतं."

बायकोनं संध्याकाळी विचारलं, ओठाला काय झालं? 'पडली' म्हणून बापानंच सांगितलं.

बारा दिवस ती काहीच बोलली नाही. तेराव्या दिवशी बोलली, आणि एकदाही अडली नाही. आजीनं कडू पाल्याला हात जोडले. "लागला की नाही उपाय? म्हणे चिमटे बंद करा!" बायकोनं पोरीला पोटाशी धरून मुके घेतले. वीटवाल्याची पोरं दोन दिवस कुंपणावर बसली, कावळी काही ओरडेना, म्हणून कंटाळून उठून गेली. बाहुलीचं नाव कापूस होतं, ते आता 'बाळ' झालं. मागं मागं का जातो, चाक कोण करतं, ऊन कुठं जातं, सगळं थांबलं. माणसं म्हणू लागली, पोरगी बापावर गेली. एवढीशी आहे पण कशी शहाणी, एक प्रश्न विचारत नाही.

प्रत्येक शब्दाआधी तिची मान किंचित वळायची. ते फक्त बापाला दिसायचं.

हवा बदलली आणि टकळी तापानं पडली.

"कुठं दुखतं गं?" आईनं विचारलं.

टकळीचं तोंड उघडलं, थांबलं, मान वळली. "पोट."

आजीनं पोटावर गरम फडकी ठेवली. कडू काढा पाजला, तो उलटून पडला, पुन्हा पाजला. पोट बिघडलंय म्हणून खाणं बंद केलं. दुसऱ्या दिवशी ती कण्हू लागली. पुन्हा विचारलं, पुन्हा पोट. फडकी आणखी गरम झाली. बेंबीभोवती कातडी लाल होऊन फुगली. तिसऱ्या सकाळी बायको अनवाणी पळत गेली आणि सुईवालीला घेऊन आली.

सुईवालीनं पोट दाबलं. वर, खाली, बाजूला. "मऊ आहे," ती म्हणाली. तिच्या कपाळाला आठी पडली. "पण एवढा ताप... आत काही असलं तर शहरात न्यावं लागेल. उघडून बघतील." ती पोरीच्या तोंडाशी वाकली. "बाळ, मला सांग. नक्की कुठं दुखतं?"

दोरवाला मोगरी हातात घेऊन दारात उभा होता. त्यानं पोरीची मान बघितली. शीर फुगली. ओठ मागं ओढले गेले, जीभ घशाकडे गेली. ती कुठल्या अक्षराकडे निघालीये हे जगात एकट्या त्याला कळत होतं. मग मान वळली.

"पोट."

"बघा, किती सुटसुटीत सांगते," आजी म्हणाली.

तेव्हा त्याला दिसलं. तीन दिवस पोरगी एकाच कुशीवर झोपली होती. डावा हात उशी आणि डोकं यांच्यामध्ये घट्ट दाबलेला होता. उशीवर पुवाचा पिवळा डाग होता.

मोगरी त्याच्या हातातून पडली. तो पुढं आला, गुडघ्यांवर बसला. बोट दाखवून भागलं असतं. पण बोटं दाखवून भागवतच तो इथपर्यंत आला होता. पोरगी त्याच्याकडे बघत होती. त्यानं तिच्याकडे बघत तोंड उघडलं.

"बाई, हिचा... क-क-क्—"

बायकोनं वळून बघितलं. आजीनं तोंड भिंतीकडे केलं. सुईवाली थांबली, तशीच, शब्द न सुचवता. त्याची हनुवटी पुढं आली, शीर फुगली, लाळ ओठावर आली. "क-क-क-का—"

टकळीच्या डोळ्यांत तापापेक्षा मोठी भीती उतरली. ती कोपरावर उठली. उशीखालचा चिकट हात काढून तिनं बापाच्या तोंडावर दाबून धरला. तळवा भाजत होता.

"शू," ती त्याला म्हणाली.

आणि हात तसाच ठेवून तिनं सुईवालीकडे बघितलं. "पोटच," ती म्हणाली. स्वच्छ, ठणठणीत.